विरलेली इरकल आणि कोपरावर फाटलेला खादीचा कुर्ता: नक्षीच्या टाक्यांनी दुरुस्ती कशी करावी?

रानजाई

नमस्कार. माझ्या सासूबाईंनी त्यांची एक काळी सहावारी इरकल साडी मला नेसायला दिली आहे. साडीचे अंग सुती असून काठ आणि टोपपदर तांबड्या कृत्रिम रेशमाचे आहेत. काठ अजून घट्ट आहेत, परंतु अंगाचे कापड दोन जागी विरले आहे. एक जागा कमरेशी, जिथे साडी खोचली जाते तिथे आहे, आणि दुसरी निऱ्यांच्या खालच्या बाजूला, काठाच्या वर साधारण वीतभर अंतरावर आहे. पहिल्या जागी कापड नुसते झिरझिरीत झाले आहे. दुसऱ्या जागी मात्र रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले आहे. याशिवाय पदर अंगाला जिथे मिळतो त्या रेषेलगत बोटभर लांबीची फाट आहे.

रफू करून या जागा लपवाव्यात असे मला वाटत नाही. सासूबाईंनी ही साडी वर्षानुवर्षे नेसली आहे. ती कुठे झिजली हे दिसले तरी चालेल, उलट त्याच जागी काहीतरी देखणे उमटावे अशी माझी इच्छा आहे. साशिको या धावदोऱ्याच्या जपानी भरतकामाच्या आकृत्या, बंगालचा कांथा (जुन्या कापडाच्या थरांवरचे धावदोऱ्याचे काम) आणि इरकलीवर पूर्वापार होत आलेले कसुती हे भरतकाम असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. भरतकामाचे नेहमीचे टाके मला येतात, परंतु जीर्ण कापडावर मी कधी काम केलेले नाही. टाक्यांमुळे कापड आणखी फाटेल का, मागून अस्तर लावावे लागेल का, दोरा कोणता घ्यावा आणि निऱ्या नीट पडाव्यात म्हणून कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे. सासूबाईंचे मत असे आहे की साडीची आता गोधडीच करावी.

यासोबत एक जाड खादीचा कुर्ताही आहे, ज्याची बाही कोपरावर फाटली आहे. त्यावर थोडे धीट प्रयोग करून पाहायची माझी तयारी आहे.

सुईकाम

रानजाई, नक्षी आणि दोरा ठरवण्याआधी कापड तपासावे. साडी उजेडासमोर धरून जिथून उजेड जास्त येतो त्या भागाची हद्द पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी आखून घ्या. वरवर पाहताना जेवढी जागा विरलेली दिसते त्याहून ही हद्द बहुतेक वेळा बरीच मोठी निघते, आणि तुमच्या नक्षीचा आकार या हद्दीवरूनच ठरणार आहे. नक्षीच्या कडा विरलेल्या भागात संपल्या तर त्या कडेवरच कापड पुन्हा फाटेल. त्या धड कापडावर निदान दोन-तीन सेंटिमीटर आत जाऊन संपल्या पाहिजेत.

जुन्या कापडावर काम करताना मी एक नियम कधीही मोडत नाही: दुरुस्ती मूळ कापडाहून दणकट होता कामा नये. जाड पिळाचा दोरा आणि कडक ठिगळ लावले की ती जागा ताण सोसते, पण स्वतः जराही हलत नाही, आणि सगळा ओढा शेजारच्या थकलेल्या धाग्यांवर येतो. नवे भोक ठिगळाच्या शेजारीच पडते, त्याचे कारण हेच असते.

साशिकोच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. उत्तर जपानच्या थंड भागात कापूस पिकत नसे. तिथली शेतकरी कुटुंबे भांगेच्या तंतूंचे, निळीत रंगवलेले जाडेभरडे कापड वापरत, आणि ऊब मिळावी, कापड टिकावे म्हणून त्याचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवत. ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले तिथले कपडे आज बोरो या नावाने जगभर ओळखले जातात. बाजारात मिळणारा साशिकोचा दोरा अशा भरभक्कम कापडाला साजेसा आहे. तुमच्या इरकलीच्या अंगाला तो जड होईल. तेव्हा साशिकोची आकृती घ्या, पण दोरा घेऊ नका. भरतकामाच्या सहापदरी सुती लडीतून एक किंवा फार तर दोन पदर काढून घ्या आणि सुई बारीक, टोकदार निवडा. भारतीय बाजारातही सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. नऊ किंवा दहा नंबरची सुई इथे योग्य ठरेल.

अस्तर लागेलच. त्यासाठी नवे कापड न घेता जुनी, अनेकदा धुतलेली मलमल घ्यावी, कारण नवे कापड पुढच्या धुण्यात आटते आणि वरची साडी चुरगळून ओढून घेते. अस्तराचा ताणा (उभे धागे) साडीच्या ताण्याला आणि बाणा (आडवे धागे) बाण्याला समांतर ठेवा. अस्तराची कड दुमडू नका. दुमड घातली की तिथे उंचवटा तयार होतो आणि घासला जाऊन वरचे कापड कापले जाते. कड कातरीने नागमोडी कापून तशीच ठेवा. धावदोऱ्याच्या ओळी एकाच रेषेत संपवू नका, एक ओळ थोडी लांब आणि पुढची थोडी आखूड ठेवा, म्हणजे ताण एका रेषेवर साठत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी वळताना मागे दोऱ्याचा छोटासा सैल फास सोडा. साशिकोत ही पद्धत मुळातच आहे, आणि तिच्यामुळे कापडाला हलायला जागा मिळते.

गाठ मात्र कुठेही मारू नका. विरलेल्या कापडातून ती आरपार निघून येते. दोरा लावताना आणि संपवताना दोन-तीन अगदी छोटे टाके एकमेकांवर घेतले की पुरते.

कृष्णाकाठ

आमच्याकडे जतच्या बाजूला इरकल रोजच्या वापरातली साडी आहे आणि घरात कसुतीचे काम होत आले आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

कसुतीत कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. कापडाचे धागे मोजत टाका घ्यायचा असतो. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंतीत धावदोऱ्याने पुढे जायचे आणि परतताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरत यायचे, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मुरगीही तशीच, पण तिचे टाके पायऱ्यांसारखे तिरपे चढतात. नेगी म्हणजे लांब-आखूड धावदोऱ्याने विणल्यासारखा भासणारा भराव, आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका. तुळशीवृंदावन, गोपूर, रथ, पालखी, हत्ती अशा आकृत्या पदराजवळ मोठ्या असतात आणि अंगावर दूर जाताना लहान लहान होत जातात. काळ्या चंद्रकळेवर लाल, पांढऱ्या, पिवळ्या आणि हिरव्या दोऱ्यांची कसुती किती खुलते हे पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

परंतु तुमच्या साडीच्या विरलेल्या भागावर थेट कसुती करू नका, असेच मी सांगेन. तिथले धागे सरकलेले, काही तुटलेले असतात, त्यामुळे मोजणी जुळत नाही आणि आकृती वाकडी होते. काही जण मॅटीचे (धागे सहज मोजता येतील अशा मोकळ्या विणीचे) कापड वर ठेवून, त्यावर मोजून टाके घेतात आणि नंतर मॅटीचे धागे एकेक ओढून काढतात. धड कापडावर ही युक्ती उत्तम आहे. जुन्या कापडावर ते धागे ओढताना साडीचेच धागे तुटतील.

यावर एक उपाय आहे. इरकलीच्या पोताचे, हातमागावरचे साधे काळे सुती कापड घ्या, ते दोन-तीनदा धुऊन मऊ करा, आणि त्यावर वेगळे बसून कसुतीचे एक लहान तुळशीवृंदावन करा. मग तो तुकडा निऱ्यांवरच्या भोकावर बसवा. भोवतालच्या धड कापडावर छोट्या गवंतीच्या ओळी नेऊन तो जोडला की तुकडा कुठे संपतो आणि साडी कुठे सुरू होते हे पटकन कळत नाही. एकच आकृती निऱ्यांवर एकटी पडल्यासारखी दिसेल, म्हणून त्याच ओळीत, धड कापडावर, दोन्ही बाजूंना काही छोटे बुट्टे भरा. हे बुट्टे सुतावर एकपदरी दोऱ्याने भरले तर निऱ्यांना जडपणा येणार नाही, आणि दुरुस्तीसाठी घेतलेली आकृती साडीच्या मूळ रचनेत सामावून जाईल.

आता पदराच्या जोडाबद्दल. इरकलीचा टोपपदर शिवून जोडलेला नसतो. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा हे दोन वेगळे असतात आणि मागावरच ते फासाफासाने एकमेकांत अडकवतात. त्या रेषेजवळ फाट असेल तर तिथला एकही सुटा धागा ओढू नका आणि कापूही नका, कारण एक फास सुटला तर शेजारचे फासही सैल होतात. फाटीखाली मऊ जुन्या कापडाची अरुंद पट्टी ठेवा. फाटीच्या आडवे, एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर लांब दोरे टाकून घ्या आणि प्रत्येक लांब दोरा ठरावीक अंतराने इवल्याशा आडव्या टाक्यांनी खाली धरून ठेवा. फाटीची दोन्ही तोंडे ओढून चिकटवण्याचा प्रयत्न करू नये. ती सहज जिथे येतात तिथेच स्थिर करावीत. लांब दोरे पांढरे आणि धरून ठेवणारे टाके लाल घेतले तर पदराच्या पट्ट्यांशी ते छान जुळतील.

रानजाई

सुईकाम आणि कृष्णाकाठ, तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. वेगळ्या कापडावर कसुती करून ते ठिगळ म्हणून लावण्याची कल्पना मला फार आवडली. उजेडासमोर धरून पाहिल्यावर कमरेजवळची विरलेली पट्टी अपेक्षेपेक्षा बरीच लांब निघाली. एवढ्या मोठ्या भागावर साशिकोची माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी लाटांची आकृती घ्यावी का? की सासूबाई म्हणतात तसे गोधडीच करणे शहाणपणाचे ठरेल?

जुनेर

रानजाई, कमरेजवळच्या भागावर नक्षी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती जागा नेसल्यावर खोचलेली असते, कोणाला दिसत नाही, आणि तिथेच सर्वांत जास्त ओढाताण होते. तिथे पातळ मलमलीचे अस्तर लावून गोधडीला घालतात तसा साधा, समांतर धावदोरा काळ्या दोऱ्याने घालावा. उघड दिसणारी सजावट निऱ्यांसाठी आणि पदरासाठी राखून ठेवावी. दुरुस्ती दिसावी ही इच्छा मला पूर्ण पटते, परंतु प्रत्येक विरलेली जागा सजवलीच पाहिजे असा आग्रह धरला की साडी हलकी पडत नाही, आणि जी पडत नाही ती साडी कोणी आवडीने नेसत नाही.

आपल्याकडच्या बायका याहून कितीतरी धीट उपाय करत असत. नऊवारी लुगडे मधोमध विरले आणि दोन्ही टोके चांगली राहिली, की विरलेला भाग सरळ कापून काढत आणि उरलेले दोन तुकडे शिवून जोडत; यालाच दंड घालणे म्हणतात. कधी दोन वेगवेगळ्या लुगड्यांचे धड भाग एकत्र येत, आणि काठ जुळले नाहीत तरी ते लुगडे रोजच्या कामाला वापरले जाई. गरजेपोटी झालेले हे काम आज आपण कौतुकाने प्रयोग म्हणून करतो, पण त्यातले कसब कमी नव्हते. दंडाची शिवण नेसल्यावर टोचू नये म्हणून ती सपाट बसवावी लागे, आणि जोड कुठे घ्यावा हे नेसण्याची पद्धत डोळ्यांसमोर ठेवून ठरवावे लागे. तुमची विरलेली पट्टी फार लांब असेल तर दंडाचा विचार जरूर करा. मधला भाग काढल्यावर साडीची लांबी कमी होईल. ती भरून काढायला मध्ये दुसऱ्या रंगाच्या, तेवढ्याच पन्ह्याच्या सुती कापडाचा पट्टा घालता येईल. खोचण्याच्या जागी तो बराचसा झाकलाही जाईल.

गोधडी करायची की साडी राखायची, हे एका साध्या चाचणीने कळते. विरलेल्या भागापासून दूर, धड वाटणाऱ्या जागी कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आधी उभे, मग आडवे हलकेच ताणा. नवे धागे तुटल्याचा बारीक आवाज आला किंवा तिथे उजेड दिसू लागला, तर संपूर्ण कापडातच जीव उरलेला नाही आणि तुमच्या सासूबाईंचे म्हणणे योग्य आहे. मग थरांमध्ये घातल्यावर ते कापड आणखी कितीतरी वर्षे काम देईल, कारण गोधडीत कुठल्याही एका थरावर एकट्याने ताण येत नाही. तसे झाले तर उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रियांच्या कवंदी, म्हणजे गोधड्या, जरूर पाहा. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि जुन्या कपड्यांचे तुकडे एकावर एक ठेवत, धावदोऱ्याने आत आत येत मध्यावर पोहोचतात. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुले लावल्याशिवाय त्यांची कवंदी पूर्ण होत नाही. तुमच्या इरकलीचे तांबडे काठ त्या फुलांसाठी शोभून दिसतील.

सुईकाम

जुनेर यांचे कमरेच्या भागाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. लाटांच्या आकृतीत वक्र रेषा असतात आणि त्या ताण्या-बाण्याला तिरप्या जातात. रोज ओढ बसणाऱ्या जागी सरळ धावदोराच जास्त टिकतो.

लपवलेल्या रफूला मात्र आपण कमी लेखू नये. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर काश्मिरी शालींवर असे काम करतात की शालीचा कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर भरलेला, हे जाणकारालाही बोट ठेवून सांगता येत नाही. उघड दिसणारी दुरुस्ती शिकायची असली तरी रफूचे मूळ तंत्र हाताला यायला हवे: आधी ताण्याच्या दिशेने दोरे भरायचे, मग एक धागा वर, एक खाली घेत बाणा विणायचा. दोन रंगांचे दोरे घेतले की याच विणीतून चौकडी, पट्टे, तिरपी वीण असे सगळे प्रकार काढता येतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये मुलींना हे शिकवण्यासाठी सरावाचे कापड देत. त्यावर भोके पाडून प्रत्येक भोक वेगळ्या विणीने, मुद्दाम रंगीत दोऱ्यांनी भरायला लावत, म्हणजे दोरा कुठे चुकला हे लगेच दिसे. असे जुने नमुने आज संग्रहालयांत आहेत आणि ते स्वतंत्र कलाकृतींसारखे सुंदर दिसतात. साडीला हात लावण्याआधी एखाद्या जुन्या चादरीच्या तुकड्यावर तुम्हीही असा सराव करावा.

कुर्त्यावर मात्र मोकळेपणाने प्रयोग करा. जाड हातसुताच्या खादीला साशिकोचा दोरा किंवा लडीचे तीन-चार पदर सहज पेलतात. ठिगळ वरून लावा. अनेकांना खणाचे ठिगळ लावण्याचा मोह होतो आणि ते दिसतेही सुरेख, परंतु खणाच्या विणीत नक्षीचे जादा धागे वर तरंगत असतात. कोपर टेकवताना ते अडकतात आणि ओढले जातात. खण खिशाला किंवा गळ्याच्या आतल्या पट्टीला वापरा. कोपरासाठी गोव्याच्या कुणबी साडीसारखी तांबडी सुती चौकड घेऊन पाहा. चौकडीच्या रेषांवरच टाके घेत गेलात तर वेगळी आखणी करावी लागणार नाही, आणि एकेक चौकट सोडून त्यात फुलीचा टाका भरला तर एक नवीनच रचना तयार होते.

शिवताना बाहीत जाड पुठ्ठा सरकवा, नाहीतर मागची बाजूही शिवली जाते. ठिगळ टाचताना मात्र पुठ्ठा काढून बाही थोडी वाकवून पाहा, कारण सपाट ताणून लावलेले ठिगळ हात वाकवताना आवळते. साशिकोतली भांगेच्या पानांची चांदणीसारखी आकृती घेणार असाल, तर जिथे अनेक रेषा एकत्र येतात तिथे टाके मध्यबिंदूच्या किंचित अलीकडे थांबवा. सगळे दोरे एका बिंदूत शिरले की तिथे गुठळी होते आणि नेमकी तीच जागा टेबलावर घासली जाते.

तिसरी टीप

धुण्याबद्दल थोडे लिहिते, कारण एवढे काम केल्यावर रंग सुटला तर फार वाईट वाटते.

लाल दोऱ्याची आधी परीक्षा करा. हातभर दोरा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात दाबा आणि वरून इस्त्री फिरवा; फडक्यावर डाग उमटला तर दोरा कोमट पाण्यात साबणाने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि वाळल्यावरच वापरा. साडीच्या तांबड्या काठालाही कोपऱ्यात ओले पांढरे फडके दाबून पाहा. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो असे बरेच जण सांगतात, पण सुटणारा रंग त्याने कायमचा बसत नाही.

कृत्रिम रेशीम म्हणजे बहुधा व्हिस्कोस. सूत ओले झाल्यावर थोडे बळकट होते, व्हिस्कोस मात्र ओले असताना जवळजवळ निम्मी ताकद गमावते. त्यामुळे पदराची फाट दुरुस्त झाल्यावरही ओला पदर पिळू नका आणि दोरीवर एका टोकाने लटकवू नका. टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट गुंडाळून पाणी टिपून घ्या आणि सावलीत आडवा वाळवा. घडीही दर वेळी वेगळ्या जागी घाला, विशेषतः पदराच्या जोडावर घडी येऊ देऊ नका.

कृष्णाकाठ

तिसरी टीप यांच्या सूचनेला एक जोड देते. पदराची फाट सांधताना साडी पूर्ण कोरडी हवी, आणि भरतकामाची रिंग तिथे अजिबात वापरू नये; रिंगेच्या ताणाने जोडाचे फास सरकतात. साडी सपाट टेबलावर पसरून, खाली पुठ्ठा घेऊन काम करा.

रानजाई, जुनेर यांनी सांगितलेली अंगठ्यांची चाचणी कमरेजवळ आणि निऱ्यांजवळच्या धड भागात आधी करून पाहा आणि काय दिसले ते इथे लिहा. कापड टिकत असेल तर तुळशीवृंदावनाचा छोटा, धागे मोजून काढलेला नमुना मी चौकटीच्या कागदावर उतरवून इथे देईन. त्याची रुंदी भोकाच्या भोवतालची धड हद्द धरून ठरवावी लागेल, म्हणून ते मापही कळवा.